मेण वाढवलं की क्रीम घट्ट होतं, पण ते टिकतं का?

जांभूळबन

नमस्कार मंडळी. महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला आमचा बायकांचा बचत गट आहे. पायाच्या भेगांसाठी आम्ही एक क्रीम करतो. अजून विकत नाही, गटातल्या घरांतच वापरतो. शंभर ग्रॅमचं माप असं: तिळाचं तेल ५०, मधमाशीचं मेण १५, गुलाबपाणी ३४, बोरॅक्स (टाकणखार) १. तेल-मेण एकीकडे, पाणी-बोरॅक्स दुसरीकडे, दोन्ही ७० अंशांच्या वर तापवून एकत्र घोटायचं.

बाजारातल्या पांढऱ्या मेणाचं क्रीम झकास होतं. पण मेण बाहेरून कशाला आणायचं, आपल्याच गावात सातेरी माश्यांच्या पेट्या आहेत, म्हणून पोळ्यांचं मेण वितळवून, गाळून, धुऊन घेतलं. त्याचं क्रीमही गार झाल्यावर छान घट्ट दिसतं, पण काही दिवसांत बरणीच्या कडेला पाण्याचे थेंब साचतात. मेण कमी पडतंय असं वाटून १५चं २० केलं. आता क्रीममध्ये बोट रुतेना, तरी पाणी सुटतंच.

माझा प्रश्न असा, की मेण तेल-पाणी धरून ठेवतं की नुसतं घट्ट करतं? आणि जास्त घट्ट क्रीम जास्त टिकायला हवं ना?

सायसाखर

बोट रुतेना म्हणजे भेगांना नाही तर भिंतीला लांबी म्हणून भरता येईल, ताई! :)
गंमत राहू दे, मलाही हाच प्रश्न आहे. वाचतेय.

खलबत्ता

जांभूळबन ताई, प्रश्न नेमका विचारलात. मी बरीच वर्षं फार्मसीच्या मुलांना मलमं-क्रीमं शिकवली, आणि सगळ्यांची गाडी याच ठिकाणी अडते. घट्टपणा आणि टिकाऊपणा हे दोन वेगळे गुण आहेत. मेण पहिला हमखास देतं. दुसरा मात्र अटींवर देतं.

आधी हे बघा, की मधमाशीचं मेण स्वतः इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, नाही. त्यात बहुतांश लांब साखळीचे एस्टर, काही हायड्रोकार्बनं आणि थोडी मोकळी मेदाम्लं असतात. यातली कामाची ती मोकळी मेदाम्लं, मुख्यतः सेरोटिक आम्ल. बोरॅक्सचं पाणी त्यांना भेटलं की तेल-पाण्याच्या सीमेवर जागच्या जागी साबण तयार होतो, आणि थेंबांना धरून ठेवणारा तो साबण. उरलेलं मेण फक्त घट्ट करतं.

दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या ग्रीक वैद्याच्या नावावर जे कोल्ड क्रीम सांगतात ते मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाण्याचं. त्यात बोरॅक्स नव्हता, त्यामुळे ते फारसं टिकायचं नाही. त्वचेवर लावलं की पाणी सुटून उडून जायचं आणि गार वाटायचं. बोरॅक्स फार पुढे आला आणि मग हेच क्रीम बरणीत टिकायला लागलं.

आता घट्ट केल्याने काय साधतं? थेंब वर तरंगण्याचा किंवा खाली बसण्याचा वेग स्टोक्सच्या नियमाने ठरतो. तो थेंबाच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि भोवतालच्या द्रवाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, वाढली की कमी होतो. म्हणजे मेणाने थेंबांचा प्रवास मंदावतो. पण शेजारशेजारचे दोन थेंब एकमेकांत मिसळू नयेत यासाठी मधला पडदा मजबूत लागतो, आणि तो पडदा घट्टपणाने मिळत नाही.

तुमच्या क्रीममध्ये पाणी एक तृतीयांश आहे, म्हणजे ते बहुधा तेलात पाण्याचे थेंब या प्रकारचं असणार. पडताळायचं असेल तर चिमूटभर क्रीम पाण्यात टाका. विरघळून दुधाळ झालं तर पाण्यात तेल, तसाच गोळा राहिला तर तेलात पाणी.

निसर्गवेल

काका, आदर ठेवून असहमत. मी बोरॅक्सला हातही लावत नाही. मेण, खोबरेल आणि कोरफडीचा गर, हँड ब्लेंडरने गार होईपर्यंत फिरवायचं. थंडीत सुरेख राहतं. मेणात धरून ठेवायची ताकद नसती तर हे झालंच नसतं. मग इमल्सिफायर नाही असं कसं म्हणता?

पिपेट

निसर्गवेल, तुमचं क्रीम टिकतं हे खरं आणि काकांचंही बरोबर आहे. मी कोलॉइडवर, म्हणजे एकात दुसऱ्याचे बारीक कण-थेंब पसरलेल्या मिश्रणांवर, काम करते, म्हणून थोडं सविस्तर.

तुमच्या क्रीममध्ये मेणाचे बारीक स्फटिक दोन कामं करतात. एक म्हणजे तेलभर त्यांचं जाळं होतं आणि पाण्याचे थेंब त्यात अडकून बसतात. दुसरं, काही स्फटिक थेट थेंबाच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतात आणि कवच करतात. घन कणांनी असं इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण, टिकवण्याला पिकरिंग इमल्शन म्हणतात. मार्गारीनमध्येही चरबीचे स्फटिक याच प्रकारे पाणी धरायला मदत करतात.

पण हे सगळं स्फटिक आहेत तोवर. साबण किंवा लेसिथिनसारखा इमल्सिफायर तापला तरी सीमेवर राहतो, स्फटिक वितळतात. नुसतं मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं हे खरं, पण तेलात मिसळलेलं मेण त्याच्या खूप आधीच विरघळायला लागतं. मेण जितकं कमी तितकं लवकर. तुम्हीच लिहिलंत, "थंडीत सुरेख राहतं". एप्रिलमध्ये काय होतं?

निसर्गवेल

एप्रिलमध्ये फ्रीजमध्ये ठेवते. :)
मुद्दा पोचला. पण मग गार करताना फिरवत राहणं महत्त्वाचं आहे की नाही?

पिपेट

फारच महत्त्वाचं. मेण सावकाश, न ढवळता गार झालं की मोजके पण मोठे स्फटिक वाढतात आणि क्रीम रवाळ होतं. मोठ्या स्फटिकांचं जाळं विरळ असतं, ते पुढे आकसत जातं आणि अडकलेला द्रव बाहेर ढकलतं. भरभर गार केलं, ढवळत राहिलं की बारीक आणि पुष्कळ स्फटिक होतात. तेवढ्याच मेणात क्रीम जास्त घट्ट होतं आणि थेंबही नीट धरले जातात.

पण एक मर्यादा आहे. जाळं बसल्यावर जोरात ब्लेंडर चालवला तर ते तुटतं, आणि मेणाचं तुटलेलं जाळं पूर्वीसारखं जुळत नाही. म्हणून गरम असताना जोरात, आणि क्रीम दाटायला लागलं की हलक्या हाताने.

घृतकुमारी

इथे एक गोष्ट आठवते. आमच्याकडे शतधौत घृत करतात. तूप तांब्याच्या ताटात पाण्यासह घोटायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं पाणी, असं शंभर वेळा. शेवटी पांढरंशुभ्र, मऊ, थंडगार, लोणकढं तूप म्हणून ओळखूच न येणारं काहीतरी हाती येतं. त्यात ना साबण, ना दुसरं काही. पिपेट यांनी सांगितलं ते वाचून उलगडा झाला, की ते पाणी तुपातल्या स्फटिकांनी धरलेलं असणार. गरम खोलीत ठेवलं की पाणी सुटतं हा अनुभव आहेच.

आयुर्वेदातलं सिक्थ तैल मात्र निराळं. तिळाचं तेल आणि मेण, पाणी अजिबात नाही. त्यामुळे फुटायचा प्रश्नच येत नाही. भेगांना आम्ही तेच देतो. जांभूळबन ताई, पाण्याचा हट्ट नसेल तर याचा विचार करा.

पिपेट

शतधौत घृताचं उदाहरण फार सुंदर आहे. हो, साधारण तोच प्रकार. दर घोटण्यात थेंब लहान होत जातात आणि स्फटिकांत अडकतात.

सायसाखर

मग एक शंका. स्फटिक इमल्शन टिकवतात म्हणता, तर सायीचं लोणी काढताना आपण थंड पाणी, बर्फ का घालतो? तिथे तर आपल्याला ते फुटायला हवं असतं! उन्हाळ्यात बर्फ न घालता घुसळलं तर लोणी येत नाही, नुसतं पातळ फिरत राहतं.

पिपेट

सायसाखर, पूर्ण धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न.

स्फटिक कुठे आहेत यावर सगळं ठरतं. मेण किंवा चरबी बाहेरच्या भागात असेल, म्हणजे तेलात पाण्याचे थेंब असतील, तर स्फटिक मदत करतात. पण साय म्हणजे पाण्यात स्निग्धाचे थेंब. तिथे स्फटिक थेंबाच्या आत होतात. थंडीत थेंब अर्धवट घट्ट, अर्धवट द्रव असतो, आणि सुईसारखे स्फटिक त्याच्या पृष्ठभागातून बाहेर डोकावतात. घुसळताना दोन थेंब आपटले की एकाची सुई दुसऱ्याच्या पडद्यात घुसते, आतलं द्रव तेल मधल्या फटीत पसरतं आणि दोघं चिकटतात. अशी साखळी वाढत जाऊन लोण्याचा गोळा येतो. पूर्ण वितळलेल्या थेंबांना सुया नसतात, म्हणून उन्हाळ्यात गोळा जमत नाही. आणि पूर्ण गोठलेल्या थेंबांत फटीत पसरायला द्रव तेलच नसतं, म्हणून अतिथंड सायीचंही लोणी लवकर येत नाही.

हेच पाण्यात तेल प्रकारच्या लोशनमध्ये होतं. पातळ लोशन घट्ट व्हावं म्हणून तेलात मेण घातलं, ते थेंबांच्या आत अर्धवट गोठलं आणि वाहतुकीत बाटली हिंदकळली, तर गाठी येतात. घट्ट करायला घातलेल्या मेणानेच इमल्शन मोडलेलं असतं.

सायसाखर

आज सासूबाईंना सांगते, तुम्ही रोज सकाळी कोलॉइड विज्ञान करता म्हणून.

उंबरठा

पण बाजारातली लोशनं पाण्यात तेल प्रकारचीच असतात ना? आणि त्यांच्या लेबलवर सीटिल अल्कोहोल, सीटोस्टिअरिल अल्कोहोल असतं. तेही मेणासारखंच. मग ती का मोडत नाहीत?

खलबत्ता

कारण ती मेणं थेंबाच्या आत बसून राहत नाहीत. सीटिल आणि स्टिअरिल अल्कोहोल दिसायला मेण, पण रेणूच्या एका टोकाला पाण्याची ओढ असते. सोबत थोडा खरा इमल्सिफायर दिला की ही दोघं मिळून पाण्यातच पापुद्र्यांसारखे थर रचतात आणि त्या थरांमध्ये भरपूर पाणी धरून फुगतात. बाहेरचं पाणीच जेलीसारखं होतं. त्यात तेलाचे थेंब हलू शकत नाहीत, शिवाय थेंबांभोवतीही तेच थर गुंडाळलेले असतात. म्हणजे इथे मात्र एकाच पदार्थाने घट्टपणा आणि टिकाऊपणा दोन्ही मिळतात.

ब्रिटिश फार्माकोपियातलं इमल्सिफाइंग वॅक्स हे याचं जुनं उदाहरण, ९ भाग सीटोस्टिअरिल अल्कोहोल आणि १ भाग सोडियम लॉरिल सल्फेट. सीटोमॅक्रोगोल या दुसऱ्या इमल्सिफायरवालं वेगळं मिळतं, त्यात ८० भागांना २० भाग सीटोमॅक्रोगोल.

करून बघणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. असं क्रीम बनवल्याबरोबर पातळ वाटतं आणि पुढचा एक-दोन दिवस घट्ट होत जातं, कारण थर रचायला वेळ लागतो. भांड्यातच पातळ दिसलं म्हणून लगेच आणखी मेण घालू नका. आणि अगदी शुद्ध सीटिल अल्कोहोलपेक्षा सीटिल-स्टिअरिलचं मिश्रण चांगलं. शुद्धाचे थर काळाने बदलून कोरडे स्फटिक होतात, पाणी सोडतात, आणि क्रीम पुन्हा पातळ होतं.

उंबरठा

धन्यवाद काका. आईच्या वेळचं स्नो यातलंच का?

खलबत्ता

जवळचं भावंड. स्नो म्हणजे व्हॅनिशिंग क्रीम. त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर, त्यातलं थोडंच अल्कलीने साबणात बदललेलं आणि बाकीचं स्फटिकांच्या पत्र्यांच्या रूपात पाण्यात. त्या पत्र्यांवरून प्रकाश परततो म्हणून मोत्यासारखी झाक. आपल्या मुंबईत पाटणवालांनी १९१९ साली काढलेलं अफगाण स्नो त्याच जातीचं. आमच्या घरी आरशाखाली ती बाटली कायम असायची.

खारावारा

धागा क्रीमचा आहे, पण मेण आणि इमल्शन म्हटल्यावर राहवत नाही. माझी नोकरी समुद्रातल्या तेलावर गेली. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं, १९७६ पासून तेल येऊ लागलं. ते तेल मेणाळ आहे, साधारण ३० अंशांच्या आसपास त्याचं वाहणं थांबतं. विहिरीतून गरम येतं तोवर मजेत असतं. समुद्रतळाच्या नळीतून जाताना गार होतं आणि मेणाचे स्फटिक सुटू लागतात.

त्यात विहिरीतून तेलाबरोबर पाणीही येतं. झडपांतून, पंपांतून जाताना ते घुसळलं जातं आणि तेलात पाणी असं इमल्शन होतं. खनिज तेलातली अस्फाल्टीनं, म्हणजे त्यातले जड घटक, थेंबांभोवती कातडं धरतात आणि मेणाचे स्फटिक त्याला आणखी बळकटी देतात. पाण्याचं प्रमाण वाढत जाईल तशी व्हिस्कॉसिटीही चढत जाते, नुसत्या तेलाच्या कितीतरी पट. मग पुढे कुठल्याशा प्रमाणाला इमल्शन उलटतं, पाण्यात तेल होतं, आणि व्हिस्कॉसिटी धाडकन उतरते.

तुम्ही सगळे ते टिकवायच्या मागे, आमचं काम ते फोडायचं. तापवा म्हणजे मेण विरघळेल, डीमल्सिफायर घाला म्हणजे कातडं सुटेल, मग विजेच्या क्षेत्रातून न्या म्हणजे थेंब एकत्र येतील. मेण वितळल्याशिवाय नुसतं रसायन ओतून भागत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

जांभूळबन

खारावारा दादा, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या बरणीत आणि समुद्राखालच्या नळीत एकच गोष्ट चालली आहे!

संत्रानगरी

मग विदर्भ कसा मागे राहील. :)
आमच्याकडे संत्र्यांना मेणाचं इमल्शन लावतात. झाडावरून काढून धुतलं की सालीवरचं नैसर्गिक मेण काहीसं जातं आणि फळ सुकत जातं. म्हणून वरून पातळ थर. ताज्या फळांवर मधमाशीचं मेण, कार्नोबा (एका ताडाच्या पानांचं मेण) आणि लाखेचं मेण चालतं, तसा अन्नसुरक्षेचा नियम आहे.

गंमत अशी, की इथे मेण ढिगाने असूनही इमल्शन पाण्यासारखं पातळ असतं. कार्नोबा ८० अंशांच्याही वर वितळतं, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही उन्हात ते घनच. साबणाच्या मदतीने ते वितळलेल्या अवस्थेत बारीक फोडतात आणि गार झाल्यावर प्रत्येक थेंब एक घन गोळी होतो. गोळ्या एकमेकींना चिकटत नाहीत, जाळं करत नाहीत, म्हणून पातळपणा राहतो. फवारता आलं पाहिजे ना.

पिपेट

अगदी. आणि गोळी पूर्ण घन असल्यामुळे लोण्यातला प्रकारही होत नाही, फटीत पसरायला द्रव तेल नाही. थेंबाच्या आतलं मेण अर्धवट गोठलेलं असतं तेव्हाच धोका सर्वात जास्त.

सायसाखर

मूळ प्रश्न राहिला बाजूला. जांभूळबन ताईंचं पाणी का सुटतंय? पांढऱ्या मेणाने होतं आणि सातेरीच्या मेणाने नाही, कृती तर तीच.

निसर्गवेल

गावच्या मेणात मध, परागकण, प्रोपोलिस (माश्या गोळा करतात तो डिंक) राहत असेल. नीट धुतलं नसेल. लोखंडी कढईत वितळवलं असेल तरी मेण काळपट होतं.

जांभूळबन

नाही हो, स्टीलच्या पातेल्यात, भरपूर गरम पाण्यात वितळवून, गार करून, खालचा गाळ खरवडून काढला. रंग छान पिवळा आहे.

मोहोळ

उशिरा येतोय. मधमाश्यांच्या पेट्या हा आमचा घरचा व्यवसाय, साताऱ्याकडचाच आहे. वरच्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट निसटली आहे. सगळ्या माश्यांचं मेण सारखं नसतं.

बाजारातलं पांढरं मेण बहुतेक वेळा मेलिफेरा या युरोपीय माशीचं. पुस्तकातल्या सगळ्या कृती तिच्याच मेणावर बेतलेल्या. त्याचा आम्लांक, म्हणजे मोकळ्या आम्लांचं माप, १७ ते २४ असतो. आपल्या सातेरीच्या आणि आग्याच्या मेणाचा आम्लांक बराच कमी, साधारण ५ ते १०. व्यापारात आशियाई माश्यांच्या मेणाला घेड्डा मेण असं वेगळं नाव आहे, ते याच फरकामुळे. वितळायला जवळपास तेवढंच तापमान लागतं, वास छान, रंग छान, मेणबत्तीला उत्तम. पण मोकळी मेदाम्लं कमी.

खलबत्ता काका, तुम्ही म्हणालात ना की साबण त्या मोकळ्या आम्लांचाच होतो?

खलबत्ता

मोहोळ, शाब्बास! इथेच गाठ सुटली.

ताई, हिशोब बघा. आम्लांक म्हणजे एक ग्रॅम मेणातल्या आम्लांना लागणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मिलिग्रॅममध्ये. त्यावरून १०० ग्रॅम मेणाला लागणारा बोरॅक्स काढायला आम्लांकाला ०.३४ने गुणायचं. आम्लांक २० असेल तर ६.८ ग्रॅम. तुमच्या १५ ग्रॅम मेणाला साधारण १ ग्रॅम, म्हणजे तुमची कृती पांढऱ्या मेणाला अचूक बसते.

सातेरीच्या मेणाचा आम्लांक ७ धरला तर १५ ग्रॅमला ०.३६ ग्रॅमच पुरतो. म्हणजे साबण झाला एक तृतीयांश आणि बोरॅक्स उरला दोन तृतीयांश. थेंबांना पडदा पुरेना, वर उरलेला बोरॅक्स थंडीत स्फटिक होऊन कचकचही करू शकतो.

तुम्ही मेण १५चं २० केलंत. आम्लं किती वाढली? पांढऱ्या मेणात १५ गुणिले २०, म्हणजे ३००. सातेरीच्या वाढीव मेणातही २० गुणिले ७, म्हणजे १४०. निम्मंही नाही. पण स्फटिक मात्र तिसऱ्या हिश्शाने वाढले, म्हणून क्रीम दगड झालं. घट्टपणा वाढला, पडदा तिथेच राहिला, आणि ते घट्ट जाळं आकसताना कमकुवत थेंब पिळले गेले.

जांभूळबन

काका, मोहोळ दादा, काय बोलू! गटातल्या बायकांना कधी एकदा वाचून दाखवते असं झालंय. मेणात भेसळ असेल अशीही शंका घेऊन झाली होती. आमच्या माश्यांच्या मेणात खोट नाही हे ऐकून खूप बरं वाटलं.

मग आता सातेरीचं मेणच वापरून काय करता येईल?

मोहोळ

भेसळीची शंका बाजारच्या मेणाबाबत जरूर ठेवा. पॅराफिन मिसळलं की त्यात आम्लं शून्य, त्यामुळे आम्लांक पडतो आणि परिणाम हाच दिसतो. घरच्या पोळ्याचं मेण असेल तर ती चिंता नको.

खलबत्ता

पहिली गोष्ट, बोरॅक्स सोडा. कृती भेगांसाठी आहे, आणि फुटलेल्या त्वचेवर बोरॅक्स मी कधीच सुचवणार नाही. युरोपीय संघाने बोरेटं प्रजननाला घातक गटात टाकली आहेत.

सोपा मार्ग म्हणजे सातेरीचं मेण ४-५ ग्रॅमवर आणा, त्याच्याकडून फक्त अंगाचा घट्टपणा घ्या. आणि इमल्शन धरायला इमल्सिफाइंग वॅक्स ६-७ ग्रॅम. पाणी ६० ग्रॅमच्या पुढे न्या, मग क्रीम पाण्यात तेल प्रकारचं होईल, हलकं लागेल.

घृतकुमारी

काका, सोडियम लॉरिल सल्फेटवालं इमल्सिफाइंग वॅक्स भेगांवर लावून ठेवायला नको. त्याच वॅक्सच्या ॲक्वियस क्रीमने त्वचेची जळजळ होते म्हणून २०१३ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकांनी इशारा दिला होता, विशेषतः इसब असलेल्या मुलांसाठी. आमच्याकडे अशा त्वचेचे रुग्ण रोज येतात, म्हणून आग्रहाने सांगते.

खलबत्ता

मान्य. सीटोमॅक्रोगोलवालं घ्या. त्याचा आणखी एक फायदा, गुलाबपाण्याऐवजी कोरफडीचा रस किंवा क्षार असलेलं काही घातलं तरी ते कमी बिथरतं.

निसर्गवेल

आणि ज्यांना यातलं काहीच नको त्यांनी?

पिपेट

त्यांनी घृतकुमारी यांचं सिक्थ तैल करावं, मनापासून सांगते. पाणी नाही म्हणजे फुटणं नाही, बुरशीची भीतीही फार कमी. पाणी असलेल्या कुठल्याही क्रीमला प्रिझर्व्हेटिव्ह लागतोच. कोरफडीच्या गराचं क्रीम फ्रीजमध्येही जंतूंपासून सुरक्षित नसतं, ते तुम्हालाही कळकळीने सांगते.

पाणी हवंच असेल आणि तेलात पाणी प्रकारच ठेवायचा असेल तर लोकरीचं मेण, म्हणजे लॅनोलिन, थोडं घालून बघा. ते स्वतःच्या वजनाच्या दुपटीपर्यंत पाणी धरतं, आणि सातेरीच्या मेणाच्या स्फटिकांशी त्याचं चांगलं जमतं.

संत्रानगरी

चाचणी नागपूरच्या मे महिन्यात करा, ४५ अंश फुकट मिळतील. :)

पिपेट

खरंच, ४५ अंशांना ठेवून बघणं ही रूढ चाचणी आहे. पण उन्हात नको, स्थिर तापमानाच्या कपाटात. शेजारी एक बरणी फ्रीज आणि खोली असं आलटूनपालटून ठेवायची. एक कॉलेजच्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. घट्टपणा मोजायचा असेल तर ब्रुकफील्ड या दाटपणा मोजायच्या यंत्रावर, दर वेळी तोच स्पिंडल, तोच वेग, तेच तापमान, आणि क्रीम बनवल्यापासून तेवढाच काळ गेलेला. मेणाचं क्रीम ढवळलं की पातळ होतं, त्यामुळे बरणीतून ओतताना झालेली हालचालही आकड्यात उतरते. आणि आकडा चांगला आला म्हणून क्रीम टिकेल असं धरू नका. तो शेवटी घट्टपणाचाच आकडा.

खारावारा

पुढे विक्रीचा विचार असेल तर सौंदर्यप्रसाधनांचा उत्पादन परवाना लागेल, तेही आधीच बघून ठेवा.

जांभूळबन

नोंदवून घेतलं. आमच्या मेणाचा आम्लांक नक्की किती ते मोजायचं असेल तर? ५ ते १०मध्ये बराच फरक पडतो ना? तालुक्याच्या कॉलेजात रसायनाची प्रयोगशाळा आहे, तिथल्या मॅडम ओळखीच्या आहेत.

पिपेट

उत्तम. त्यांना सांगा, वजन केलेलं मेण अल्कोहोल आणि झायलीनच्या गरम मिश्रणात विरघळवायचं, फिनॉल्फ्थॅलिन हा रंग बदलणारा सूचक टाकायचा आणि अल्कोहोलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करायचं. गरम असतानाच, कारण गार झालं की मेण सुटतं आणि रंग नीट कळत नाही. ज्वाला जवळ नको, दोन्ही द्रव पेटणारे आहेत. आणि एक कोरी टायट्रेशन मेणाशिवाय, ती वजा करायची.

मोहोळ

ताई, मोजाल तेव्हा नव्या पोळ्याचं आणि जुन्या काळ्या पोळ्याचं मेण वेगवेगळं मोजा. आणि जमलं तर आग्याचंही थोडं देतो मी, तेही मोजून बघा. आपल्याकडचे असे आकडे कुणीतरी लिहून ठेवायला हवेत.

जांभूळबन

नक्की दादा. डब्यांवर नावं घालून ठेवते. आग्याचं मेण कुठून घ्यायचं ते विपुत (विचारपुशीत) विचारते.